स्वयंसेवी अग्निशमन दल आणि नगराची जबाबदारी



रात्रीच्या वेळी एखाद्या घराला आग लागते. त्या वस्तीतला सुतार, शाळेतला शिक्षक आणि दुकानातला कारकून अंथरुणातून उठतात, ठरलेल्या जागी धावत जातात, डोक्यावर शिरस्त्राण चढवतात आणि काही मिनिटांतच त्या घरासमोर उभे राहतात. दार आतून बंद आहे. त्यांच्यापैकी एक जण ते कुऱ्हाडीने फोडतो. शेजारच्या छपरावर ठिणग्या पडत आहेत. म्हणून मालकाची संमती न विचारता ते छप्पर उतरवले जाते. रस्ता अडवला जातो, बघ्यांना मागे हटवले जाते, कुणाच्या तरी विहिरीतले पाणी उपसले जाते. हीच कृत्ये याच माणसांनी आदल्या संध्याकाळी केली असती, तर पोलिसांनी त्यांना चौकीवर नेले असते.

मग रात्री हा अधिकार त्यांच्यापाशी कुठून आला? तो त्यांना कोणी दिला, किती वेळेपुरता दिला आणि त्याचा दुरुपयोग झाल्यास जाब कोणाला द्यायचा? कुऱ्हाड चालवणारा तो सुतार छप्पर कोसळून जायबंदी झाला, तर त्याच्या घरची चूल कोणी पेटती ठेवायची? स्वयंसेवी अग्निशमन दलाविषयी बोलताना आपण सामान्यतः शौर्य आणि त्याग यांविषयी बोलतो, आणि ते योग्यच आहे. तथापि आज मला त्याच्या दुसऱ्या, काहीशा रूक्ष बाजूकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. ही बाजू म्हणजे नगर आणि त्याचे स्वयंसेवक यांच्यातील नात्याची. आपल्या भाषेत ‘सोपवणे’ आणि ‘सोडून देणे’ असे दोन शब्दप्रयोग आहेत. वरवर पाहता दोहोंतही काम दुसऱ्याच्या हाती जाते. पण जो सोपवतो तो त्या कामाचा धनी राहतो. जो सोडून देतो तो धनीपणही गमावतो. नगराने आगीचे काम नागरिकांवर सोपवले आहे की सोडून दिले आहे, या एका प्रश्नावर अशा दलाचे यशापयश अवलंबून असते, असे इतिहासाकडे पाहता दिसून येते.

या इतिहासाचा प्रारंभ अमेरिकेतील फिलाडेल्फिया या शहरापासून करणे सोयीचे ठरेल. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७३५ साली आपल्या वृत्तपत्रात एका वृद्ध नागरिकाच्या नावाने पत्र छापून, घरातल्या घरात जळते निखारे उघड्या फावड्यावरून नेण्याच्या सवयीविरुद्ध लोकांना सावध केले. धुराडी साफ करणाऱ्यांना परवाने द्यावेत आणि आग विझवणाऱ्यांची शिस्तबद्ध मंडळे असावीत, असेही त्यांनी सुचवले. पुढच्याच वर्षी, ७ डिसेंबर १७३६ रोजी, ‘युनियन फायर कंपनी’ स्थापन झाली. सुमारे ३० सभासदांचे हे मंडळ होते. प्रत्येकाने चामड्याच्या बादल्या आणि सामान भरून बाहेर काढण्यासाठी मजबूत पिशव्या स्वखर्चाने बाळगावयाच्या, महिन्यातून एकदा एकत्र जमावयाचे आणि सभेला गैरहजर राहणाऱ्याने दंड भरावयाचा, असा नियम होता. दंडाच्या पैशांतून पुढे बंब, शिड्या आणि आकडे विकत घेण्यात आले. आणखी लोक सभासद होऊ इच्छीत, तेव्हा त्यांना स्वतंत्र मंडळ काढण्याचा सल्ला दिला जाई. अशा रीतीने शहरभर मंडळे पसरली.

या व्यवस्थेचे सामर्थ्य उघड आहे. कोणाच्याही आज्ञेवाचून नागरिक एकत्र आले, त्यांनी स्वतःवर नियम लादून घेतले आणि मोडणाऱ्याला दंड केला. परंतु तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. हे मंडळ म्हणजे मूलतः सभासदांनी परस्परांना दिलेले वचन होते. ते सगळ्या नगराचे दल नव्हते. नगराने त्याला काही दिले नव्हते, म्हणून नगराला त्याच्याकडून काही मागण्याचा हक्कही नव्हता. एकाच आगीवर दोन मंडळे धावून आली, तर कोणाचा हुकूम चालावा, हे ठरवणारे कोणीच नव्हते.

न्यू यॉर्कने दुसरा मार्ग धरला. ते शहर डचांच्या ताब्यात असताना, १६४८ साली, तेथील गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट यांनी धुराडी तपासण्यासाठी चार निरीक्षक नेमले होते. पुढे इंग्रजी अमलात, १७३१ साली, लंडनहून हाताने चालवण्याचे दोन बंब आणण्यात आले. बंब आले, ते चालवण्यास माणसे हवीत. म्हणून १७३७ साली तेथील विधानसभेने कायदा करून नगराला अग्निशामक नेमण्याचा अधिकार दिला. ही माणसे सशक्त, विवेकी, प्रामाणिक आणि निर्व्यसनी असावीत, अशी अट होती. त्यांना वेतन नव्हते. मात्र ज्यूरीवर बसणे, कॉन्स्टेबलचे काम करणे, नागरी सेनेत भरती होणे यांसारख्या त्या काळच्या सक्तीच्या नागरी कर्तव्यांतून त्यांना सूट मिळाली.

येथे सोपवण्याची पहिली रीत आपल्याला दिसते. नगराने माणूस निवडला, त्याच्या नावाची नोंद केली, त्याच्या हाती नगराचा बंब दिला आणि सेवेचा मोबदला पैशांत न देता सवलतींत दिला. १७९८ साली या दलाला कायद्याने संस्थेचे स्वरूप देण्यात आले आणि अपंग झालेले अग्निशामक, त्यांच्या विधवा व मुले यांच्या साहाय्यार्थ निधी उभारण्याची सोय झाली. कागदावर पाहता ही व्यवस्था आदर्श वाटावी.

पण शहर वाढले, आणि नगरसभेचा हात सैल पडत गेला. बंब नगराचे असले तरी ते ज्या तुकड्यांकडे होते, त्या तुकड्या स्वतःला त्यांचे मालक समजू लागल्या. प्रत्येक तुकडीचे नाव, चिन्ह, पोशाख आणि अभिमान वेगळा झाला. आगीपाशी प्रथम कोण पोहोचतो आणि रस्त्यावरचा पाण्याचा नळ प्रथम कोण ताब्यात घेतो, यावर प्रतिष्ठा ठरू लागली. त्यातून हाणामाऱ्या होऊ लागल्या. तुकडी ही तरुणांची एकगठ्ठा मतपेढी बनली आणि राजकीय पुढाऱ्यांची दृष्टी तिच्यावर गेली. पुढे भ्रष्टाचारासाठी कुप्रसिद्ध ठरलेला विल्यम ट्वीड हा अशाच एका तुकडीचा नायक होता. तेथूनच तो राजकारणात चढला आणि १८५१ साली नगरसभेवर निवडून गेला.

धनी कोण, या प्रश्नाचा कस १८३६ साली लागला. आदल्या वर्षीच्या डिसेंबरात कडाक्याच्या थंडीत न्यू यॉर्कला भीषण आग लागली होती. पाणी गोठले होते, नळ्या निकामी झाल्या होत्या आणि शहराच्या व्यापारी भागातील शेकडो इमारती भस्मसात झाल्या. या आगीनंतर दलावर टीका झाली, आणि १८३६ च्या मे महिन्यात नगरसभेने दलप्रमुख जेम्स ग्युलिक यांना पदावरून दूर केले. ही वार्ता एका आगीच्या ठिकाणी पोहोचली, तेव्हा ग्युलिक यांचे अनुयायी असलेल्या अग्निशामकांनी काम थांबवले. ग्युलिक परत आल्यावरच ते पुन्हा कामाला लागले. पुढे अनेकांनी राजीनामे दिले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत ग्युलिक नगरातील एका महत्त्वाच्या पदावर मोठ्या मताधिक्याने निवडून आले.

या प्रसंगात दोष कोणाचा? घर जळत असताना काम थांबवणे हे कोणत्याही न्यायाने समर्थनीय नाही. परंतु नगरसभेच्या वागण्याकडेही पाहिले पाहिजे. ज्या माणसांनी गोठलेल्या रात्री जिवावर उदार होऊन काम केले, त्यांच्या प्रमुखाला काढताना त्यांचे मत कोणत्या मार्गाने ऐकावे आणि कोणत्या कारणांसाठी त्याला काढता येईल, याची त्यांना मान्य असलेली रीत नव्हती. नगरसभेपाशी अधिकार होता, पण विश्वास नव्हता. स्वयंसेवकांपाशी निष्ठा होती, पण ती नगराप्रत नसून एका व्यक्तीप्रत होती. सोडून दिलेले काम एका दिवसात परत ताब्यात घेता येत नाही, हा धडा त्या नगरसभेला त्या वर्षी मिळाला.

याहूनही विदारक प्रसंग १८६३ सालचा आहे. यादवी युद्धासाठी सक्तीची सैन्यभरती सुरू झाली. नागरी सेनेतून आपल्याला सूट आहे, तेव्हा या भरतीतूनही ती मिळेल, अशी अनेक अग्निशामकांची समजूत होती. ती खोटी ठरली. १३ जुलै रोजी भरतीची कचेरी पेटवून देण्यात एका बंब-तुकडीचाच पुढाकार होता. त्यानंतर कित्येक दिवस शहरात जाळपोळ आणि कृष्णवर्णीयांच्या हत्या चालू राहिल्या, तेव्हा इतर अनेक तुकड्यांनी आगी विझवण्याचे कर्तव्य बजावले, हेही नमूद केले पाहिजे. सवलत हाच सेवेचा आधार मानला, तर सवलत हिरावली जाताच सेवेचे रूपांतर वैरात होऊ शकते.

इकडे यंत्रविद्याही पुढे गेली होती. हाताने चालवायच्या बंबाला दांड्यावर ठेवण्यासाठी आळीपाळीने अनेक माणसे लागत. वाफेच्या बंबाला थोडी, पण सदैव हजर असणारी आणि यंत्र जाणणारी माणसे पुरत. सिनसिनाटी शहराने असा बंब तयार करवून घेतला आणि १ एप्रिल १८५३ रोजी माइल्स ग्रीनवूड यांच्या नेतृत्वाखाली वेतनी अग्निशमन दल सुरू केले. आपसांत लढणाऱ्या तुकड्यांना तेथील नागरिक विटले होते. न्यू यॉर्कमध्ये मार्च १८६५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून सुमारे ४,००० स्वयंसेवकांच्या जागी लहानसे वेतनी दल आणले. त्या कायद्याने दलाचा कारभार राज्याच्या गव्हर्नरने नेमलेल्या मंडळाकडे गेला, म्हणजे नगराच्या हातून स्वयंसेवकही गेले आणि दलही गेले. नगराला ते १८७० च्या नव्या सनदेने परत मिळाले. फिलाडेल्फियाचे वेतनी दल १८७१ साली सुरू झाले.

एवढ्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, मोठ्या शहरात स्वयंसेवी दल टिकूच शकत नाही. ते खेड्यांना शोभते. हा निष्कर्ष घाईचा आहे. न्यू यॉर्कच्या बाहेरच्या भागांत आजही काही मोजक्या स्वयंसेवी तुकड्या आहेत. पण याहून मोठा पुरावा जर्मनीत मिळतो.

जर्मनीत स्वयंसेवी दलांची कल्पना १८४० नंतरच्या दशकात रुजली. २८ फेब्रुवारी १८४७ रोजी कार्ल्सरूहे येथील राजनाट्यगृहाला आग लागून ६० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जवळच्या डुर्लाख गावात आदल्या वर्षी शिस्तबद्ध रीतीने शिकवलेली स्वयंसेवकांची तुकडी तयार झाली होती. तिने या आगीत जे काम केले ते पाहून गावोगाव अशी दले निघाली. आज त्या देशात स्वयंसेवी दलांत सक्रिय असलेल्यांची संख्या १० लाखांहून अधिक आहे.

म्युनिक शहराचे उदाहरण आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. तेथे स्वयंसेवी दल १८६६ साली स्थापन झाले आणि वेतनी दल १८७९ साली. दुसरे आल्यावर पहिले मोडीत निघाले नाही. पंधरा लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या या शहरात आजही दोन्ही दले एकत्र नांदतात. वेतनी दल सदैव सज्ज असते. स्वयंसेवकांच्या तुकड्या शहराच्या निरनिराळ्या भागांत असतात आणि मोठ्या आगी, पूर, वादळ अशा वेळी कामाला येतात.

हे कशामुळे शक्य झाले? म्युनिक ज्या बव्हेरिया राज्यात आहे, त्या राज्याचा अग्निशमन कायदा १९८१ साली करण्यात आला आणि त्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या. त्याची मांडणी पाहण्यासारखी आहे. पहिली गोष्ट अशी की, आग विझवण्याची व्यवस्था ठेवणे हे नगराचे कर्तव्य आहे, असे कायदा सांगतो. स्वयंसेवक मिळाले तर बरे, असे तो म्हणत नाही. स्वयंसेवक पुरेसे मिळाले नाहीत, तर नगराने नागरिकांना सक्तीने या सेवेत घ्यावे, अशी तरतूद आहे. एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहराने वेतनी दल ठेवलेच पाहिजे. स्वयंसेवा ही जबाबदारी पार पाडण्याची एक रीत आहे. ती जबाबदारीला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट प्रमुखाच्या निवडीची. सेवेत असलेले सभासद गुप्त मतदानाने आपला प्रमुख सहा वर्षांसाठी निवडतात. पण केवळ निवडून येणे पुरेसे नाही. त्या निवडीला नगराची संमती लागते. आणि ही संमतीही लहरीवर अवलंबून नाही. निवडलेला माणूस ज्ञानाच्या, प्रकृतीच्या किंवा अन्य दृष्टीने त्या कामाला अयोग्य असेल, तर ती नाकारावयाची. प्रमुखाने ठरावीक प्रशिक्षण घेतलेले असले पाहिजे. ज्यांनी त्याच्या हुकमावरून आगीत शिरायचे, त्यांचा विश्वास त्याने मिळवलेला असतो. ज्या नगराच्या नावाने तो हुकूम देतो, त्या नगरानेही त्याला स्वीकारलेले असते. १८३६ साली न्यू यॉर्कमध्ये जी रीत नव्हती, ती हीच.

तिसरी गोष्ट आगीच्या जागेवरील अधिकाराची. कामगिरीचा नेता कोण, हे आधीच ठरलेले असते. जेथे वेतनी दल काम करीत असेल, तेथे नेतृत्व त्याच्याकडे असते. धोका निवारण्यासाठी आवश्यक असेल तेव्हा हा नेता घरात शिरू शकतो, लोकांना जागा सोडण्यास सांगू शकतो, उपस्थितांकडून मदत आणि साधने मागू शकतो. त्या गरजेपलीकडे त्याचा अधिकार जात नाही. अधिकार व्यक्तीला चिकटलेला नसून प्रसंगाला चिकटलेला आहे.

चौथी गोष्ट पैशांची. स्वयंसेवक आपले श्रम विनामूल्य देतो, परंतु नगराने त्याचे नुकसान होऊ द्यावयाचे नाही. कामाच्या वेळी आगीवर जाणाऱ्या कामगाराचे वेतन मालकाने कापता कामा नये, आणि मालकाने दिलेले ते वेतन नगराने त्याला भरून द्यावे, असा नियम आहे. अपघाताचा विमा कायद्यानेच मिळतो. येथे एक बारीक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. स्वयंसेवकांचा संघ वेगळा आणि दल वेगळे. संघ ही सभासदांची संस्था. तिचा ध्वज, तिचे उत्सव, तिची वर्गणी तिच्यापाशी. पण दल ही नगराची सार्वजनिक संस्था आहे, आणि तिची साधनसामग्री पुरवण्याचा भार नगरावर आहे. लोकांच्या अभिमानाला संघात पुरेपूर वाव आहे; बंब मात्र कोणाच्या अभिमानाची वस्तू नाही. न्यू यॉर्कच्या नगरसभेने ही रेघ कधी ओढलीच नाही, आणि तिची किंमत त्या शहराला मोजावी लागली.

जपानने हाच प्रश्न थोड्या वेगळ्या रीतीने सोडवला. एडो, म्हणजे आजचे टोकियो, हे लाकडी घरांचे आणि वारंवार जळणारे शहर होते; १६५७ सालच्या आगीत त्याचा बहुतांश भाग नष्ट झाला. १७१८ साली नगरदंडाधिकारी ओओका तादासुके यांनी सामान्य नगरवासीयांची अग्निपथके उभारण्याचा आदेश दिला, आणि १७२० च्या सुमारास त्यांची रचना जपानी वर्णमालेतील अक्षरांवरून ओळखल्या जाणाऱ्या पथकांत करण्यात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर झालेल्या कायद्याने आगीची जबाबदारी नगरांकडे आली. तेथे स्वयंसेवी दलाचा प्रमुख दलाच्या शिफारशीवरून नगराध्यक्ष नेमतो, आणि सभासद नगराच्या संमतीने प्रमुख नेमतो. सभासद आपापला व्यवसाय करतात. तथापि कायद्याच्या दृष्टीने ते नगराचे अंशकालीन सेवक मानले जातात आणि त्यांना अल्प मानधन मिळते. युद्धोत्तर काळात सुमारे २० लाख असलेली त्यांची संख्या आज आठ लाखांच्याही खाली आली आहे. शेतकरी आणि दुकानदार कमी झाले, दूरवर नोकरीला जाणारे वाढले. २०१३ साली या दलांना बळकटी आणण्यासाठी तेथील संसदेला खास कायदा करावा लागला.

या कायद्याची पार्श्वभूमी हृदयद्रावक आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीत या दलांतील अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली वा बेपत्ता झाली. त्यांच्यापैकी कित्येक जण किनाऱ्यावरचे जलद्वार बंद करण्यासाठी किंवा वृद्धांना हलवण्यासाठी गेले होते. कर्तव्य सोडून परत फिरा, असे त्यांना अमुक वेळी सांगेल असा स्पष्ट नियम अनेक ठिकाणी नव्हता. त्यानंतर किती वेळ थांबावयाचे आणि केव्हा माघारी फिरावयाचे, याचे नियम आधीच ठरवण्यावर शासनाने भर दिला. पुढे जाण्याचा अधिकार देणाऱ्याने मागे फिरण्याची आज्ञाही दिली पाहिजे. शूर माणूस स्वतः होऊन ती स्वतःला देत नाही. म्हणून ती नगराने द्यावयाची असते.

नगरापासून अधिक स्वतंत्र अशी दलेही जगात आहेत, हे सांगितल्याशिवाय चित्र पुरे होणार नाही. चिली देशात व्हालपरायसो बंदरात १८५१ साली पहिले स्वयंसेवी दल निघाले. ८ डिसेंबर १८६३ रोजी राजधानी सांतियागो येथील एका चर्चला लागलेल्या आगीत सुमारे २,००० माणसे, बहुतांशी स्त्रिया, गुदमरून व होरपळून मेली. त्याच महिन्यात तेथील दल स्थापन झाले. आजही त्या देशात आग विझवणारे स्वयंसेवक वेतन घेत नाहीत आणि आपले अधिकारी स्वतःच निवडतात. पण तेथेही केवळ सदिच्छेवर भागले नाही. २०१२ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला, आणि शासनाकडून मिळणाऱ्या पैशांचा हिशेब देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. स्वातंत्र्य असले, तरी हिशेब चुकत नाही.

श्रोतेहो, आता आपल्या देशाकडे वळू. आपल्या मोठ्या शहरांत अग्निशमन हे प्रथमपासून मुख्यतः वेतनी सेवकांचे काम राहिले आहे. मुंबईत ते १८८७ साली पोलिसांकडून नगरपालिकेकडे आले. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर झालेल्या स्फोटांत ६६ अग्निशामकांनी प्राण गमावले; तो दिवस आजही देशभर त्यांच्या स्मरणार्थ पाळला जातो. १९९२ सालच्या ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानाला जी बारावी अनुसूची जोडली, तिच्यातील नगरपालिकांकडे सोपवता येण्याजोग्या विषयांत अग्निशमन सेवेचा समावेश आहे. म्हणजे आपल्याकडेही आगीचे धनीपण नगराकडे असावे, हा विचार संविधानात आहे.

स्वयंसेवकांची परंपराही आपल्याला नवी नाही. १९४६ साली मुंबईत गृहरक्षक दल सुरू झाले. १९६८ साली नागरी संरक्षणाचा कायदा झाला आणि पुढे त्यात दुरुस्ती करून आपत्ती-व्यवस्थापनाचे कामही त्याच्या कक्षेत आणले गेले. २०१६ साली राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ‘आपदा मित्र’ या नावाने पूरप्रवण जिल्ह्यांतील स्वयंसेवकांना शिकवण्याची योजना हाती घेतली. माणसे आहेत, शिकवण्याची सोय आहे. तालुक्याच्या गावाहून बंब येईपर्यंत झोपड्यांची अख्खी रांग जळून जाते, अशा आपल्या लहान नगरांत आणि वाड्यावस्त्यांत या माणसांची गरजही आहे. तेथे आग लागली की शेजारी घागरी घेऊन धावतातच. प्रश्न ते धावतील का, हा नाही. ते धावतात तेव्हा नगर त्यांच्या पाठीशी उभे असते का, हा आहे.

एखाद्या नगराने असे दल उभारावयाचे मनावर घेतले, तर वरील इतिहासातून त्याला काय घेता येईल? सर्वप्रथम, राज्याच्या कायद्याचा आधार पाहावा; कारण दार फोडण्याचा अधिकार नुसत्या ठरावाने देता येत नाही. मग सभासदांची नोंदवही असावी आणि शिकल्यावाचून कोणालाही आगीपाशी पाठवू नये. प्रमुख सभासदांनी ठरावीक मुदतीसाठी निवडावा, नगराने त्याला मान्यता द्यावी, आणि त्याला दूर करण्याची कारणे व रीत आधीच लिहून ठेवावी. वेतनी दल आल्यावर हुकूम कोणाचा, हे सरावाच्या वेळीच ठरवावे. साधने नगराच्या मालकीची असावीत आणि त्यांची वरचेवर तपासणी व्हावी. सभासदाचा विमा नगराने उतरवावा, त्याची बुडालेली मजुरी भरून द्यावी. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण तिच्यावाचून स्वयंसेवा ही खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचीच मिरास होऊन बसते. वर्षातून एकदा दलाने आपला हिशेब आणि कामाचा वृत्तांत नगरसभेपुढे ठेवावा, आणि नगरसभेने तो वाचावा. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. ही सारी व्यवस्था आग लागण्यापूर्वीच करून ठेवावयाची असते.

यावर एक आक्षेप संभवतो. इतके नियम घातले, तर सेवेतील उत्स्फूर्तता नाहीशी होणार नाही का? मला तसे वाटत नाही. नियम नसलेल्या न्यू यॉर्कमध्ये जी उत्स्फूर्तता होती, तिचे पर्यवसान तुकड्यांच्या मारामारीत झाले. नियमांनी बांधलेल्या जर्मन गावांत आणि शहरांत लाखो माणसे आजही आपल्या खुशीने येतात. आपले नाव नगराच्या वहीत आहे, आपल्या चुकीबद्दल जाब विचारला जाईल, पण आपल्या जखमेबद्दल विचारपूसही होईल, हे ज्याला ठाऊक असते, तो माणूस अधिक निर्धास्तपणे आगीत शिरतो. सेवा विनामूल्य देता येते. तिची जबाबदारी मात्र कोणाला तरी उचलावी लागते, आणि ती नगरानेच उचलली पाहिजे.